रिकामा आवाज

ही गोष्ट खरी आहे.

आमच्याच घरात घडली आहे, माझ्या सख्ख्या आत्यासोबत. ज्यांना विश्वास ठेवायचा नसेल त्यांनी खुशाल ठेवू नये, माझं काही म्हणणं नाही. पण खाली कॉमेंटमध्ये "आत्याला डॉक्टरकडे न्या" असं लिहिणार असाल, तर आधीच सांगते. ती हॉस्पिटलमध्येच काम करते. लोकांचे कान तपासते.

आणखी एक. यात काळोखी रात्र नाही, पडका बंगला नाही, विहीरही नाही. गेल्या वर्षीची, उन्हाळा संपतानाची एक संध्याकाळ आहे. हॉस्पिटलच्या तळघरातलं पार्किंग आहे. आणि आत्याची गाडी आहे.

पण तिथे पोहोचायच्या आधी दुकानाबद्दल सांगावं लागेल.

माझे आजोबा, म्हणजे पप्पांचे आणि आत्याचे बाबा, गाड्यांमध्ये स्टिरिओ बसवायचे. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला सीट कव्हरवाला, मधे आजोबांचं दुकान. कॅसेटच्या काळापासून ते याच कामात. पुढे सीडी आल्या. मग खिशात मावणारे प्लेअर आले, आणि लोक विचारायला लागले, "काका, एवढंसं हे यंत्र, गाडीच्या स्टिरिओला जोडता येईल का?"

आजोबा म्हणायचे, "जोडता सगळंच येतं. नीट जोडलं तर गाणं, नाहीतर धूर."

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी स्टिरिओचा आवाज पूर्ण खाली. मग पिन सरळ आत, 'टक' होईपर्यंत. वायर गिअरपासून आणि स्टिअरिंगपासून लांब, डॅशबोर्डच्या आतून फिरवलेली. प्लेअर कप्प्यात, मांडीवर नाही. आणि गाणं लावायच्या आधी ते एक गोष्ट करायचे, जी त्या रस्त्यावरचा दुसरा कुणीच करत नव्हता.

ते रिकामा आवाज ऐकायचे.

म्हणजे प्लेअर जोडलेला, पण गाणं बंद. गाडीच्या काचा वर. स्टिरिओचा आवाज थोडासा उघडायचा आणि डोळे मिटून बसायचं. घूं असं आलं तर अर्थिंग चुकलंय. करकर आली तर पिन सैल आहे. काहीच आलं नाही, तरच काम झालं. मग आजोबा एकदा खाकरायचे.

"अहं."

झालं, गिऱ्हाइकाने समजून जायचं की गाडी तयार आहे.

आणि एक नियम तर असा होता की त्यात कुणाचीच गय नाही. चाकं फिरत असताना वायरीला हात लावायचा नाही. एकदा एक गिऱ्हाईक त्यांना स्टिरिओ कसा वाजतो ते ऐकवायला चक्कर मारायला घेऊन गेलं आणि चालवता चालवता वायर नीट करायला वाकलं. आजोबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, दार उघडून उतरले आणि भर उन्हात पायी दुकानात परत आले. त्या माणसाची गाडी त्यांनी पुन्हा हातात घेतली नाही.

आता आत्या.

लहानपणी ती शाळेतून आली की दुकानातल्या स्टुलावर जाऊन बसायची. आजोबा तिला 'ठिणगी' म्हणायचे, कारण ती कशानेही पेटायची. हे नाव फक्त त्यांचं. दुसऱ्या कुणी म्हटलेलं तिला खपायचं नाही. तिला ते काम शिकायचं होतं. पिन कुठली, तार कुठली, सगळं ती विचारायची. आजोबा तिच्या हातातून पक्कड काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "तू शिकून मोठी हो. हे तेलकट हात तुला नकोत."

ती शिकली. मोठी झाली. कानांची तज्ज्ञ झाली. आवाजबंद खोलीत लोकांना बसवते, हेडफोन देते आणि सांगते, "ऐकू आलं की बटण दाबा." कुणाला किती ऐकू येतं हे ती मोजून सांगते.

मग पप्पांचं लग्न झालं आणि माझी आई घरात आली. काही वर्षांनी आजोबांचे हात थरथरायला लागले. बारीक वायरी जोडायला कुणीतरी हवं होतं. पप्पांनी स्क्रूड्रायव्हर नुसता हातात घेतला तरी पट्टी बांधावी लागते. आई सहज मदतीला म्हणून दुकानात जाऊन बसली आणि तिथलीच झाली.

तेव्हापासून आत्याच्या पोटात दुखायला लागलं.

"मला म्हणाले तेलकट हात नकोत. आणि हिच्या हातांना काय अत्तर लावलंय?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. आई दुकानातून आली की आत्या तिच्या नखांकडे बघायची. नखांत काळं दिसलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आजोबा गेले ते अगदी शांतपणे. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. त्या वेळी घरात आई होती. आत्या कामावर होती.

"तेही तिच्याच वाट्याला आलं," आत्या भेटायला आलेल्या लोकांदेखत म्हणाली. आईने ते ऐकलं आणि ती आलेल्यांना पाणी द्यायला उठली.

काही महिने गेले. दुकान आई चालवायला लागली. मग एका रविवारी आम्ही सगळे चहा पीत बसलो होतो आणि आईच्या तोंडून निघून गेलं.

"दुकानात ना... कधी कधी ते असतात, असं वाटतं."

"कोण, टायरवाला?" पप्पा म्हणाले.

"बाबा."

पप्पा हसायचे थांबले.

आई कपाकडे बघत सांगत होती. "परवा एका गाडीचं काम झालं. प्लेअर जोडला, काचा वर केल्या, रिकामा आवाज ऐकत बसले. काहीच येत नव्हतं. अगदी स्वच्छ. म्हटलं चला, झालं. आणि मग..."

"मग?"

"खाकरले. अहं. नेहमीसारखे."

"सीट कव्हरवाला असेल," पप्पा म्हणाले. "त्याचा घसा कायम बसलेला."

"काचा वर होत्या हो. आणि आवाज स्पीकरमधून आला. पहिल्यांदा नाही आला. चार-पाच वेळा झालंय."

पप्पांनी कप खाली ठेवला. मी खुर्ची आईजवळ सरकवली.

आत्या मात्र घाबरली नाही. तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"तुला?" ती म्हणाली. "तुला का?"

भुताला घाबरणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. भूत आपल्याकडे आलं नाही म्हणून रुसलेली बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून आत्या काम संपवून थेट दुकानात यायला लागली. ज्या गाडीचं काम झालं असेल त्या गाडीत बसायची, काचा वर करायची, स्टिरिओचा आवाज उघडायची आणि डोळे मिटायची. तिच्या कानांना सगळं ऐकू यायचं. टायरवाल्याचा हवेचा पंप. पलीकडच्या गल्लीतली सायकलची घंटी. स्वतःच्या कानशिलातली नाडी.

बाबा नाहीत.

रोज ती अशीच उतरायची आणि दार जरा जास्तच जोरात लावायची.

शेवटी एकदा ती आईला म्हणाली, "तू बस. मी बाहेर उभी राहते." आई गाडीत बसली. आत्या काचेला नाक लावून आईचा चेहरा बघत राहिली. आईने डोळे मिटले. थोडा वेळ काहीच झालं नाही...

मग आईच्या भुवया किंचित वर गेल्या. ओठ हलले. डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते.

आत्याने दार खेचून उघडलं. "आले होते?"

"हो."

"काय म्हणाले?"

"काही नाही गं. ते बोलत नाहीत. फक्त खाकरतात."

"माझ्याबद्दल काही?"

"अगं, बोलतच नाहीत तर तुझ्याबद्दल काय बोलणार?"

"आणि बोलले असते तरी तू सांगितलं असतंस का?"

आईने पदराने डोळे टिपले. आत्या स्वतः मला पुढे म्हणाली की त्या क्षणी तिला वहिनीच्या डोळ्यांतलं पाणी ओरबाडून घ्यावंसं वाटलं. माझ्या बापासाठी आलेलं पाणी हिच्या डोळ्यांत कशाला, असं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपल्या आवाजबंद खोलीत एकटीच बसून रडली. तिथे कितीही मोठ्याने रडलं तरी बाहेर कळत नाही.

आणि त्याच संध्याकाळी तिने आजोबांचा प्लेअर उचलला.

काडेपेटीएवढा हिरवा प्लेअर, मागे चिमटा असलेला. आजोबा कुठल्याही गाडीची चाचणी त्याच्यावरच घ्यायचे. ते गेल्यापासून तो दुकानातल्या वरच्या खणात होता. आई गिऱ्हाइकाशी बोलत बाहेर उभी होती. आत्याने खण उघडला, प्लेअर पर्समध्ये टाकला आणि "येते गं" म्हणून निघाली.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या गाडीत, तिने तो जोडला.

पद्धत तिला माहीत होती. बघून बघून पाठ होती. पण तिला धीर नव्हता. वायर गिअरवरून तशीच आडवी टाकली. प्लेअर मांडीवर. रस्त्यावर मिळतो तसला चार्जर लायटरच्या भोकात खुपसला आणि तोही प्लेअरला लावला. स्टिरिओचा आवाज तर खाली केलाच नव्हता. पिन आत गेली तसा स्पीकरमधून असा धडाका आला की तिचे दात वाजले.

मग घूं... असा एकसुरी आवाज सुरू झाला.

आजोबांनी तिथल्या तिथे पिन उपटली असती. आत्याने कान पुढे केला.

बरेच दिवस नुसतं ते घूं. रोज काम संपलं की ती तळघरात जायची, गाडीत बसायची, ऐकायची. पार्किंगचा रखवालदार लांबून बघायचा आणि काही विचारायचा नाही. बहुतेक त्याला वाटलं असेल, बाईंचं घरी पटत नाही.

मग ती संध्याकाळ आली.

बाकीच्या गाड्या निघून गेल्या होत्या. लिफ्टजवळची ट्यूबलाइट फडफडत होती. रखवालदार कुठेतरी शीळ घालत होता. आत्या नेहमीसारखी बसली होती. घूं चालू होतं.

आणि ते थांबलं.

तिने कशालाही हात लावला नव्हता. पिन जागेवर. चार्जरचा लाल दिवा चालू. घूं मात्र नाही.

शीळही नाही.

लिफ्टचाही आवाज नाही...

आत्याचं आयुष्य शांतता मोजण्यात गेलंय. ती म्हणते, आवाजबंद खोलीतही माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो, गिळलेली थुंकी ऐकू येते. इथे तिला काहीच ऐकू येईना. तिने चुटकी वाजवून बघितली. बोटं हलली. आवाज आला नाही. कान गेले की काय?

तेवढ्यात...

"ठिणगे."

अगदी जवळून. स्पीकर दारात असतात. हा आवाज दारातून आला नव्हता. तिच्या कानाशी, जणू कुणी मागच्या सीटवरून पुढे वाकून बोलावं तसा आला होता.

तुम्ही असता तर किंचाळत पळाला असता. मीही पळाले असते. आत्या हमसून हमसून रडायला लागली.

"किती वाट बघायला लावलीत बाबा! तिच्याकडे किती वेळा गेलात, आणि माझ्याकडे..."

"तिला काय कळतं?" आवाज म्हणाला. "तूच खरी."

आत्याने स्टिअरिंगला कपाळ टेकवलं. आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते तिला मिळत होतं.

"दुकान तुझंच होतं, ठिणगे. चूक झाली."

"असू दे बाबा. असू दे."

"आवाज वाढव."

तिने वाढवला.

त्या दिवसापासून आत्या बदलली. चेहऱ्यावर तेज आलं. नवीन कपडे घ्यायला लागली. आमच्याकडे आली की आईशी गोड बोलायला लागली, आणि तेच मला खटकलं. आत्या आणि आईशी गोड? आई चहा करायला उठली की म्हणायची, "बस गं तू, मी करते. दमली असशील." आई बिचारी खूश. तिला वाटलं, एकदाची निवळली.

एकदा आई सहज म्हणाली, "हल्ली बाबा येत नाहीत. बरेच दिवस झाले. रिकामा आवाज अगदीच रिकामा असतो."

आत्या बिस्किटाचा तुकडा मोडत होती. ती हसली. लपवायचा प्रयत्न केला तिने, पण मी समोरच बसले होते. मांजराने दूध पिऊन मिश्या पुसाव्यात तशी ती हसली.

"त्यांना दुसरीकडे काम असेल," ती म्हणाली.

आता ती पार्किंगपुरती थांबत नव्हती. घरून निघताना बाबा, कामावर जाताना बाबा, येताना बाबा. गाडी चालवता चालवता ती बोलायची, ते बोलायचे. काय बोलायचे हे तिने मला थोडंफार सांगितलं. सगळं तिच्या कौतुकाचं. आणि थोडंसं आईबद्दल. चांगलं नाही. मी इथे लिहीत नाही.

आणि अधूनमधून एकच मागणं. आवाज वाढव.

मग तो अपघात झाला.

सकाळची वेळ. रुंद रस्ता, पुढे सिमेंटचा ट्रक. आत्याच्या डाव्या बाजूने बस चालली होती. बाबा बोलत होते, आणि मधेच थांबले.

"वायर सैल झाली आहे," आवाज म्हणाला.

"नाही बाबा, ठीक आहे."

"सैल झाली आहे. मी निघून जाईन."

एवढ्या प्रयासाने मिळालेले बाबा! तिने एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि खाली वाकली. वायर गिअरला गुंडाळली गेली होती. तिने ओढली. गिअर वायरीत अडकला. तिने आणखी वाकून ओढली...

बसचा हॉर्न तिला ऐकूच आला नाही. तिने डोकं वर केलं तेव्हा ट्रकची मागची बाजू काचेत मावत नव्हती.

स्टिअरिंग कसं फिरलं तिला माहीत नाही. गाडी दुभाजकाला घासत गेली, बाजूचा आरसा तुटून उडाला, पुढचं चाक वर चढलं आणि गाडी तिरकी होऊन थांबली. लोक धावत आले. कुणी दार ठोठावत होतं, कुणी पाणी आणत होतं. आत्याच्या कपाळातून रक्त येत होतं.

स्पीकरमधून कुणी विचारलं नाही, लागलं का म्हणून.

आवाज एवढंच म्हणाला, "कमी झालाय. वाढव."

आणि तिने कपाळ पुसायच्या आधी आवाज वाढवला. हे तिनेच मला सांगितलं. अभिमानाने.

गाडी ओढून आमच्या दुकानासमोर आणली. आत्याच्या कपाळाला टाके पडले होते, बाकी सगळं ठीक होतं. पप्पा तिला घरी चल म्हणत होते आणि ती गाडीजवळून हलायला तयार नव्हती. मीही तिथेच होते. आईने गाडीचं दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली.

गिअरला वेढे घातलेली वायर. पायाखालच्या चटईवर हिरवा प्लेअर.

"हा तू नेलास?" आई म्हणाली.

"माझ्या बापाचा आहे."

"मागितला असतास तर दिला असता गं. पण हा लावून तू करत काय होतीस?"

आत्याने मान ताठ केली. आता लपवायचं काही कारण उरलं नव्हतं, आणि खरं म्हणजे तिला कधीपासून सांगायचंच होतं. इतके दिवस ते सुख एकटीने गिळून तिचा जीव वर आला असणार. वहिनीला कळल्याशिवाय त्यात मजा कसली?

"बाबा माझ्याशी बोलतात," ती म्हणाली. "तुझ्याकडे नुसतं खाकरतात ना? माझ्याशी बोलतात. रोज."

आईने प्लेअर उचलला. नखाने त्याचं मागचं झाकण सरकवलं आणि आमच्यासमोर धरला.

आत काहीच नव्हतं. बॅटरीची जागा रिकामी.

"फुगली होती," आई म्हणाली. "ते गेले त्याच आठवड्यात मी काढून टाकली, पेट घेईल म्हणून. नुसता डबा उरलाय हा. चार्जर लावला तरी चालू होत नाही."

पप्पा एक पाऊल मागे सरकले. मी गाडीच्या स्टिरिओकडे बघितलं. त्याचा निळा दिवा चालू होता. किल्ली पप्पांच्या हातात होती.

आत्या डगमगली नाही. "त्यांना बॅटरी कशाला लागेल?"

"चालवताना तू वायरीला हात लावलास?"

"बाबांनीच सांगितलं. सैल झाली होती."

आईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. माझी आई घाबरट नाही. आजोबा खाकरले तरी ती न घाबरता काम करत राहिली होती. त्या दिवशी मात्र तिने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होते.

"गाडी चालू असताना?" ती म्हणाली. "बाबांनी सांगितलं, वायरीला हात लाव म्हणून? बाबांनी?"

"हो."

"अगं, ते बाबा नाहीत."

टायरवाल्याचा पंप तेवढ्यात बंद पडला.

"ऐक माझं," आई म्हणाली. "मी इतके महिने ऐकलंय. एक शब्द नाही बोलले ते. कधीच नाही. आणि बोलले असते तरी हे बोलले नसते. तू त्यांची मुलगी आहेस, तुला कळत नाही? कोण बोलतंय तुझ्याशी? कोण आहे ते?"

आत्या तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, पटलं तिला. मला वाटलं, आता रडेल, आईच्या गळ्यात पडेल.

ती हसली.

"जळतेस तू," ती म्हणाली. अगदी हळू आवाजात, समजूत काढावी तसं. "माझ्याकडे येतात ते बघून जळतेस. जळ. मी किती वर्षं जळले."

"अगं, तुझा जीव जाईल!"

"बाबा म्हणालेच होते, तू असं म्हणशील."

आईने प्लेअर मुठीत आवळून छातीशी धरला होता. आत्याने त्याच्याकडे नजर टाकली आणि मान हलवली. "ठेव तुलाच. मला आता लागत नाही तो."

ती गाडीत जाऊन बसली. तिने दार लावलं. काचा वर होत्या. वायर आईने ओढून काढली होती, स्टिरिओला काहीही जोडलेलं नव्हतं. पप्पा दार वाजवत होते. आत आत्याचे ओठ हलत होते, मधेच थांबत होते, मग ती मान डोलवत होती. फोनवर बोलताना आपण करतो ना, तसं.

मग तिने हात पुढे केला आणि आवाजाचं बटण फिरवलं.

आम्हाला बाहेर काहीच ऐकू आलं नाही.

याला वर्ष होत आलं. पप्पांनी एकदा तो स्टिरिओच काढून टाकायचा प्रयत्न केला, तर आत्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं. गाडी तिने दुरुस्त करून घेतली, दुसरीकडे. रोज तीच वापरते. तब्येत छान आहे. कामावर कुणाची तक्रार नाही. हॉस्पिटलमध्ये तिने स्वतःचे कान तपासून घेतले, तेही उत्तम आहेत.

दुकानात आता कुणी खाकरत नाही. आई म्हणते, बरंच झालं. पण हल्ली काम संपलं तरी ती काचा वर करून गाडीत बसून राहते. गिऱ्हाईक ताटकळतं. मी विचारलं तर म्हणते, "अर्थिंग बघत होते." आणि एकदा, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, "आत्या काही बोलली का गं तुला? काय म्हणतात ते?"

"आई, तूच म्हणालीस ना, ते आजोबा नाहीत?"

"हो," आई म्हणाली. "नाहीतच." आणि नखांतलं काळं काढत बसली.

तिने तेव्हा खरं सांगितलं होतं की जळून सांगितलं होतं, हे मला आजही कळत नाही. तिला तरी कळत असेल का, माहीत नाही.

गेल्या रविवारी मी फाटकाशी उभी होते. आत्याची गाडी आली. काच खाली झाली. आत स्टिरिओचा निळा दिवा चालू होता आणि आवाज शेवटपर्यंत वाढवलेला होता. तरी गाडीतून काहीच येत नव्हतं. नुसतं, स्वच्छ, काहीच नाही.

"चल, चक्कर मारून येऊ," आत्या म्हणाली. "बाबा तुझी चौकशी करत होते."

मी काहीतरी कारण सांगितलं. अभ्यास आहे म्हणाले बहुतेक. ती हसली, काच वर केली आणि निघून गेली.

खोटं कशाला सांगू? भीती मला नंतर वाटली, जिना चढताना. पण त्याच्या आधी, अगदी आधी, मला आनंद झाला होता. आजोबांनी आईला विचारलं नव्हतं, पप्पांना विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं.

मी हे आईला सांगितलेलं नाही. आत्या आता रोज फोन करते, आणि मी तो उचलते.